आधी विचार, कुठे आहेस

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. समुपदेशनाला आपल्याकडे येणारी एचआयव्ही असलेली मुलं व्हिडिओवर गप्प बसतात, 'हो', 'बरं' करून फोन ठेवतात, त्यांना औषधाची काळजीच नाही, असं लिहिलंस. काळजी नाही? दहा बाय बाराच्या खोलीत आई, बाबा, भाऊ हाताच्या अंतरावर बसलेले असताना एकोणीस वर्षांच्या मुलाने तुला काय सांगावं? आधी विचार, कुठे आहेस. गोळीचं नंतर.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी एका मुलाला फोन लावला. 'गोळ्या संपल्या का रे?' हे माझं पहिलं वाक्य. फोन स्पीकरवर होता, मोठा भाऊ ऐकत होता. त्यानंतर तो नंबर कायमचा बंद. लोकल बंद होत्या, कुणाची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, तुटू नये म्हणून आम्ही सकाळपासून यादी घेऊन बसलो होतो. घाई उगाच नव्हती. पण विचारायला किती वेळ लागला असता? २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय ही गोष्ट कुणालाही सांगता येत नाही. 'कुणालाही'मध्ये भाऊ आलाच.

आणि 'डबी कॅमेऱ्यासमोर धर' हे तर बंदच कर. गोळ्या वाजू नयेत म्हणून डबीत कापूस कोंबणारी मुलं आहेत ही! व्हिडिओचा हट्ट कशाला? डॉक्टरांसाठी मार्च २०२०मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या सूचनांतसुद्धा व्हिडिओ, नुसता आवाज आणि मेसेज, तिन्ही चालतात.

समोर भेटशील तेव्हाच ठरवून घे: फोन कधी करायचा, कुणाच्या नावाने करायचा, मध्येच कुणी आलं तर काय बोलायचं. माझ्याकडे येणारी एक मुलगी 'क्लासची फी भरली' म्हणाली की मी फोन ठेवायचे. एक जण दादरच्या पुलावरून बोलायचा, गर्दीत. घरी दोन शब्द न बोलणारा तिथे पाऊण तास बोलला. मैत्रिणीला कसं सांगू, हे त्याने तिथेच विचारलं. औषध रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडत नाही इतका खाली टिकला, तर संबंधांतून लागण होत नाही, हे त्याला तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे तो रडला.

तपासणीसाठी रक्त द्यायला मात्र एआरटी सेंटरवर यावंच लागतं, तिथे सूट देऊ नकोस.

त्या गप्प मुलाला पुन्हा फोन लाव, बाळा. रात्री नको, घर भरलेलं असतं. त्याची शिफ्ट कधी सुटते ते आधी बघ. स्टेशनपर्यंत चालत जाताना तो एकटा असेल.

तुझी,
ताई