त्सुनामीसारख्या आपत्तीत मदत संस्थेला दिलेल्या १०० रुपयांपैकी किती लोकांपर्यंत पोचतात? प्रशासकीय खर्च शून्य असलेली संस्था कोणती?

अशी संस्था मी सुचवणार नाही. खर्च शून्य म्हणून जाहिरात करणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांना दमडी देऊ नका.

ऑफिसात जमवलेले पैसे कुठे द्यायचे हा तुमचा खरा प्रश्न. त्याकडे येतेच. पण प्रश्नाखाली तुम्ही सहज लिहून गेलात ना, की ‘२००४ च्या त्सुनामीत एवढे अब्जावधी आले आणि मधल्या लोकांनी पगारात खाल्ले’, त्यावर आधी बोलू द्या. कारण ते मधले लोक म्हणजे मी.

मी लातूरची, बी.कॉम. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कॉलेजात होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, ती पहाट. पुढे पुनर्वसनाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत हिशेब लिहायला लागले आणि तिथेच राहिले. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला, लाटा तमिळनाडूवर आल्या, आणि जानेवारीत आमच्या संस्थेने चार माणसं नागपट्टिणमला पाठवली. भूकंपाचा अनुभव असलेली म्हणून. त्यात मी गोदामाला आणि हिशेबाला.

तमिळनाडूत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. आम्ही पोचलो तेव्हा प्रेतं उचलून झाली होती. रस्त्याच्या कडेला दिसत होते ते कपड्यांचे ढीग. जुने कपडे. देशभरातून ट्रक येत होते, गावाच्या तोंडाशी माल ओतून, फोटो काढून परत जात होते. अक्कराईपेट्टै, कीचनकुप्पम ही बंदराला लागून असलेली कोळ्यांची गावं. आदल्या दिवशीपर्यंत स्वतःच्या होडीवर रोख पैसा कमावणारी माणसं ती. ती कोणाची उतरलेली विजार कशाला घालतील? कोणी हात लावला नाही. त्यावर पाऊस पडला, गाई बसल्या, आणि शेवटी तो चिखल सफाई कामगारांना उचलावा लागला. आधीच ज्यांनी काय काय उचललं होतं, त्यांनाच.

आमचं गोदाम म्हणजे एक कल्याण मंडपम, म्हणजे तिथलं लग्नाचं कार्यालय, भाड्याने घेतलेलं. एका रात्री तिथे महाराष्ट्राच्या पासिंगचा ट्रक येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर मराठीत फलक होता: ‘शंभर टक्के मदत थेट आपद्ग्रस्तांच्या हाती. खर्च शून्य.’ तो वाचू शकणारी त्या गल्लीत मी एकटीच. (आमची दुभाषी तंजावरच्या मराठी घरातली होती, तिला बोललेलं कळायचं, पण देवनागरी वाचायची सवय नव्हती.) ट्रक पाठवला होता आमच्या भागातल्या एका व्यापारी मंडळाने, आणि त्या मंडळात माझे मोठे दीर. भाऊजींनी फोन करून सांगितलं, ‘तू आहेसच तिथे, फक्त वाटून टाक.’

फक्त वाटून टाक.

ड्रायव्हर म्हणाला, मला येतानाचंच भाडं मिळालंय, परतीचं इथे घ्या असं सांगितलंय. हजार किलोमीटरच्या वर रिकामा ट्रक न्यायचा, त्याचं तरी काय चुकलं? हमाल रात्रीचे दुप्पट मागत होते. सकाळी पोती उघडली. स्वेटर. कानटोप्या. नागपट्टिणमच्या दमट हवेत माणूस बनियनवर बसतो, तिथे कानटोप्या! शाळेच्या गणवेशांची चार पोती, त्यातल्या एकात कोणीतरी मायेने लोणच्याची बरणी घातलेली. ती फुटून तेल-मसाला गणवेशांना लागलेला आणि सगळ्या मंडपात हिंगाचा वास. परकर नाही, झंपर नाही, नुसत्या साड्या. अर्धवट संपलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. आणि गव्हाचं पीठ, पोतीच्या पोती. भात खाणाऱ्या जिल्ह्यात, ज्यांची चूलसुद्धा वाहून गेली त्यांना, पीठ! पोळपाट-लाटणं कोण देणार होतं? महिनाभरात पिठात अळ्या झाल्या.

ते सगळं निवडायला आम्ही गावातल्याच बायका रोजावर घेतल्या. तेव्हा बऱ्याच संस्था तसं करत होत्या. मासळीचा धंदा बंद, हातात रोख नाही, निदान मजुरी तरी मिळावी म्हणून. एक बाई कानटोपी घालून सगळ्यांना हसवत होती. तिच्या घरातली दोन माणसं गेली होती. जेवणाच्या सुट्टीत दुभाषीमार्फत तिला विचारलं, तुम्हाला नक्की काय लागतंय? तिने बोटांवर मोजून सांगितलं: डोक्यावर मासळी न्यायला ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, बर्फापुरते पैसे, आणि सकाळी लिलावात माल उचलायला थोडं भांडवल. सावकाराचं नको, कारण तो परतफेड मासळीतच मागतो. एवढंच. हे वाक्य कुठल्याही ट्रकमध्ये येत नाही. ते ऐकायला माणूस तिथे बसवावा लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो.

आता खरी गंमत. ट्रकचं परतीचं भाडं, हमाली, मंडपाचं भाडं, निवडण्याची मजुरी, अळ्या झालेल्या पिठाची विल्हेवाट, हे सगळं मी आमच्या वहीत लिहिलं. वर्षअखेरीस लेखापरीक्षकाने त्यातलं बरंचसं ‘प्रशासकीय’मध्ये टाकलं आणि आमची खर्चाची टक्केवारी वाढली. तिकडे व्यापारी मंडळाच्या अहवालात ट्रकला नारळ फोडतानाचा फोटो आणि खाली ‘खर्च: निरंक’. पुढच्या दिवाळीत भाऊजी फराळाच्या ताटावर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुमच्या संस्थेत एवढा खर्च होतो कसा गं? आम्ही तर शून्यात केलं.’ मी हमालीची पावती दाखवायला उठले तर सासूबाईंनी डोळ्यांनीच बसवलं. तेव्हापासून हा वाद आमच्या घरात दर आपत्तीला नव्याने उकळतो. केरळचा पूर झाला तेव्हा झाला, कोल्हापूर-सांगलीच्या पुरात झाला.

म्हणून सांगते, शून्य खर्च नावाची गोष्ट नसते. तो खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत पडलेला असतो.

आता तुमच्या अब्जावधींबद्दल. त्या त्सुनामीला जगभरातून १३ अब्ज डॉलरच्या वर मदत जाहीर झाली, हे खरं. नंतर अनेक संस्थांनी मिळून जे मूल्यमापन केलं त्यात हिशेब निघाला की प्रत्येक बाधित माणसामागे ७,१०० डॉलर आले, आणि त्याच वर्षी बांगलादेशात पूर आला तिथे माणशी ३ डॉलर. म्हणजे पैसा कमी नव्हताच. ‘मेदसां सां फ्रंतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेने तर आठवडाभरातच सांगून टाकलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले, आता यासाठी पाठवू नका. केवढी बोंब झाली तेव्हा त्यांच्या नावाने! माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं. कमी होती ती मोजणारी, विचारणारी, निवडणारी माणसं. इंडोनेशियात आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. बहुतेक खोक्यांवरची भाषा तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती. शेकडो टन नष्ट करावी लागली, त्यालाही वेगळा पैसा. ती पाठवणाऱ्यांच्या कागदोपत्री तर सगळी औषधं ‘पोचली’च की. तुमचे १०० पैकी १०० रुपये पोचले म्हणजे काय होतं, ते हे.

होड्यांचंही तेच. होडी फोटोत छान दिसते, बाजूला देणगीदाराचं नाव रंगवता येतं, म्हणून ज्याला त्याला होड्याच द्यायच्या होत्या. आधी एक मालक आणि त्याच्या होडीवर जाणारे तीन-चार जण असा धंदा. त्या खलाशांनाही फायबरच्या होड्या मिळाल्या, सगळेच मालक झाले, आणि दर्यावर जायला माणूस मिळेना. शिवाय मासे काही वाढले नव्हते. दक्षिणेतल्या मच्छीमार सहकारी संघाची माणसं पहिल्यापासून सांगत होती की आधी मोडलेल्या होड्या दुरुस्त करा, इंजिनं दुरुस्त करा. पण दुरुस्तीचं उद्घाटन कोण करतंय?

आणि यादी. या कामातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात न दिसणारं काम म्हणजे यादी. कोळ्यांच्या गावांत पंचायत पक्की असते, मदतीची यादी ती करते, वाटपही शिस्तीत करते. गोंधळाच्या दिवसांत तो मोठाच आधार होता. पण त्या यादीत घर म्हणजे पुरुष. सासरी राहणारी विधवा वेगळी मोजली जात नाही. गावाच्या टोकाला राहणारे दलित शेतमजूर तर नाहीतच, कारण त्यांची होडी बुडालेली नाही. त्यांची मजुरी बुडाली होती. मालकाच्या शेतात खारं पाणी आणि वाळू शिरलेली, पेरणी नाही, म्हणजे काम नाही. त्यांच्यापर्यंत जायला कोणीतरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाव पायी फिरून नावं लिहावी लागली. आमच्याकडे ते काम करणारी दोन मुलं होती. त्यांचा पगार, त्यांचा एसटीचा पास, त्यांचं जेवण, हे सगळं तुमच्या दृष्टीने ‘मधल्यांनी खाल्लेलं’.

नागपट्टिणममध्ये एक गोष्ट मात्र फार चांगली झाली, आणि तीही निव्वळ प्रशासकीय खर्चाची. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच कलेक्टर कचेरीत संस्थांचं समन्वय केंद्र उभं राहिलं. शेकड्यांनी संस्था उतरल्या होत्या. कोण कुठल्या गावात, काय वाटतंय, निवारा कोणाकडे, पाणी कोणाकडे, याची मांडणी तिथे व्हायची. जे. राधाकृष्णन तेव्हा तिथे कलेक्टर म्हणून आले होते, ते संस्थांना हाकलून लावण्याऐवजी समोर बसवून कामं वाटून द्यायचे. त्या केंद्रात काय होतं? टेबलं, फोन, कॉम्प्युटर, भिंतीवर तक्ते आणि पगारी माणसं. एक किलो तांदूळही तिथून वाटला जात नव्हता. पण आमच्या पुढच्या मालात तांदळाऐवजी पातेली आणि स्टोव्ह मागवायचे हे मला तिथल्या तक्त्यावरून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई स्वतः पगार घेत होत्या म्हणून बाजू घेतायत. घेतेच. पण सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. एका गावात दोन संस्था ‘हे आमचं गाव’ म्हणून भांडताना मी पाहिल्यात. एकच होडी दोन देणगीदारांच्या अहवालात दाखवणारे महाभाग होते. तात्पुरत्या निवाऱ्यांना डांबरी पत्रे लावले गेले, उन्हाळ्यात आत बसवेना, आणि ते पास करणारे साहेब एसी गाडीतून उतरत नव्हते. तेव्हा खर्च जास्त म्हणजे संस्था चांगली, असंही नाही.

तर तुमचे पैसे. किती पोचतात याचा एक आकडा मी देणार नाही, कारण तांदूळ वाटणाऱ्याचा आणि यादी करणाऱ्याचा आकडा सारखा नसतो. माझ्या अनुभवात शंभरातले पंधरा-वीस रुपये माणसांवर, गोदामावर, हिशेबावर गेले तर मी काळजी करत नाही. दोन रुपये सांगितले तर काळजी करते. वस्तू नको, रोख द्या. आणि सगळे आत्ताच देऊ नका. पहिल्या पंधरवड्यात सगळं जग देतं. सहा महिन्यांनी कॅमेरे गेले की घरं, शेती, भांडवल असली कामं उरतात आणि तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं. किल्लारीत आम्ही हे भोगलंय. आपत्तीच्या आधीपासून त्या जिल्ह्यात काम करणारी संस्था शोधा, तिचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. तो सगळेच दाखवतात, म्हणून वर एक फोन करा आणि विचारा: तुमचं गोदाम कोण सांभाळतं, त्याला पगार किती, आणि लाभार्थ्यांची यादी कोणी केली? पलीकडचा माणूस नाव घेऊन, न अडखळता सांगू शकला तर द्या. ‘आमच्याकडे सगळे स्वयंसेवकच आहेत हो’ असं अभिमानाने सांगायला लागला तर फोन ठेवा. आणि ऑफिसात कोणी कपड्यांचा खोका ठेवला असेल तर तो आजच्या आज उचला.