वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ, असं नसतं : स्विमिंग पूलबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलांच्या पोहण्यावर मागच्या वेळी दोन ओळी लिहिल्या आणि पाण्याबद्दलच इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या होमस्टे आणि छोट्या रिसॉर्टच्या पूलचं पाणी मी गेली वीसेक वर्षं बघतोय, त्यामुळे जे सांगतो ते बरंचसं हाताने करून बघितलेलं आहे.

काका, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, रोज संध्याकाळच्या बॅचला पोहायला जातो. पूलवर पत्र्याची शेड आहे. घरी येतो तेव्हा डोळे लाल, आणि पावसाळा लागल्यापासून खोकतोही. रविवारी जास्त. तिथले दादा म्हणतात क्लोरीन जरा जास्त पडलंय, म्हणजे पाणी एकदम सेफ आहे. हे खरं का? आणि डोक्याला खोबरेल लावून पाठवते, ते चालेल ना?
— एक आई, रत्नागिरी

ताई, उलटं आहे. नाकात जाणारा जो उग्र वास येतो ना, तो जास्त क्लोरीनचा नसतो, तो वापरून संपलेल्या क्लोरीनचा असतो. घाम, लघवी, अंगाचा मळ यात युरिया आणि अमोनियासारखी नायट्रोजनवाली द्रव्यं असतात, क्लोरीन त्यांना जाऊन चिकटतं आणि क्लोरामाइन तयार होतं. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात राहत नाही, हवेत उडतं आणि पाण्याच्या अगदी वर थर धरून बसतं, म्हणजे पोहणारा तोंड वर काढून श्वास घेतो नेमका तिथे. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून शेडला बाजूने ताडपत्री बांधतात, मग ती हवा बाहेर जायला वाटच उरत नाही, म्हणून खोकला आत्ता सुरू झाला. आणि रविवारी जास्त का, तर गर्दी. चांगल्या ठेवलेल्या पूलला जवळजवळ वास येतच नाही, हे एकदा लक्षात ठेवलंत की कुठल्याही पूलवर गेल्या गेल्या निम्मी परीक्षा नाकानेच होते.

आता त्या दादांना दोन गोष्टी विचारा, भांडायला म्हणून नाही, नीट विचारा. पहिली, पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) किती आहे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतं, एक जंतू मारणारं आणि एक आळशी, आणि कुठलं किती ते पीएच ठरवतो. ७.२ ला साधारण दोन तृतीयांश कामाचं असतं, ७.५ ला निम्मं, ८ वर गेलं की जेमतेम पाव. म्हणजे मीटरवर क्लोरीन भरपूर दिसतं पण काम करणारं थोडंच असतं. आपल्या डोळ्यातल्या पाण्याचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, म्हणून पूल ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला की डोळ्यालाही बरं आणि क्लोरीनलाही.

दुसरी गोष्ट, टेस्ट कशाने करता. बऱ्याच ठिकाणी थेंब टाकून पिवळा रंग येतो ते किट असतं, ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात तेच. त्याने मोकळं आणि चिकटलेलं असं दोन्ही क्लोरीन एकत्र मोजलं जातं, त्यामुळे पिवळाधमक रंग बघून माणूस खूश होतो आणि त्यातलं अर्धं मेलेलं असू शकतं. डीपीडीचं किट घ्या म्हणावं, गुलाबी रंगाचं, त्यात मोकळं वेगळं आणि एकूण वेगळं कळतं. दोन्हीतला फरक ०.४ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम) वर गेला की पाण्याला दणका द्यायची वेळ आली. समजा एकूण २ आहे आणि मोकळं १.४, तर चिकटलेलं ०.६, त्याच्या दहापट म्हणजे ६ पीपीएम क्लोरीन एका दमात टाकायचं, रात्री, पूल बंद ठेवून, ताडपत्र्या सोडून. रोज थोडं थोडं वाढवत बसलं तर क्लोरामाइन मोडत नाही, नवीनच तयार होत राहतं, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. म्हणजे गंमत बघा, जास्त क्लोरीन झालंय असं वाटतं तेव्हा खरा उपाय बहुतेक वेळा आणखी क्लोरीन हाच असतो, फक्त पुरेसं आणि एकदाच. दुसऱ्या दिवशी मोजून खाली आल्यावरच मुलांना सोडायचं.

आणि तुमच्या हातातलं सांगतो. पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट साध्या पाण्याने अंघोळ, नुसतं पाय ओले करून चालत नाही, डोकं, काखा, सगळं. पूलमध्ये शू करू नको हे त्याला स्पष्ट सांगा, लागली तर पोहता पोहता मध्येच बाहेर येऊन जायचं, कोच ओरडणार नाही. खोबरेलाचं मात्र ऐका माझं. आपल्याकडे तेल लावल्याशिवाय पोराला पाण्यात सोडवत नाही हे मला माहीत आहे, पण ते तेल केसात राहत नाही, पाण्यावर येतं, टाइल्सच्या कडेला हात लावलात तर चिकट काळपट पट्टा लागतो ना तो हाच, वर क्लोरीन तेलावर खर्च होतं आणि फिल्टरची वाळू चिकट होते. त्यापेक्षा नळाच्या पाण्याने केस चिंब भिजवा, भिजलेला केस पूलचं पाणी कमी पितो, वर टोपी घाला, आणि तेल घरी आल्यावर धुऊन मग लावा. गॉगल हवाच. इतकं करूनही खोकला थांबला नाही किंवा छातीत घरघर ऐकू आली तर काही दिवस बंद करून डॉक्टरांना दाखवा, दमा असलेल्या मुलांना ही हवा लवकर बाधते.

काका नमस्कार, गुहागरजवळ माझा होमस्टे आहे, यंदा छोटा पूल केला, ८ बाय ४ मीटर. विहिरीचं पाणी भरलं तेव्हा काचेसारखं होतं, क्लोरीन टाकलं आणि रात्रीत कोऱ्या चहासारखं झालं! बदलून परत भरलं, परत तेच. पुण्याहून सप्लायरने गोळ्यांचा डबा दिलाय, रोज फ्लोटरमध्ये टाकतो. आता टाइल्समधलं सिमेंट भुगा होऊन येतंय. एकाने हायड्रोजन पेरॉक्साइड ओत सांगितलं. काय करू?
— एक होमस्टेवाले

भाऊ, आधी पेरॉक्साइडचा कॅन बाजूला ठेवा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल हिरवागार झाला होता ते आठवत असेल, तिथे ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं होतं, ते क्लोरीनला मारतं आणि मग शेवाळाला रान मोकळं. दोन्ही एका पाण्यात चालत नाहीत.

चहाचा रंग म्हणजे लोखंड. तुमची विहीर जांभ्यात आहे, तो दगड लाल आहे तोच मुळी लोहामुळे, आणि पाण्यात विरघळलेलं लोह दिसत नाही, क्लोरीन लागलं की गंजतं आणि दिसतं. पाणी बदलून उपयोग नाही, त्याच विहिरीचं परत येणार. पुढच्या वेळी भरायच्या आधी पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, चिमूटभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका, ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी तळाला तांबूस साका दिसला की कळलं.

पण तुमचं खरं दुखणं त्या गोळ्या आहेत. आपलं जांभ्यातलं पाणी हलकं असतं, चुना नाही, क्षार नाही, साबणाला फेस किती येतो बघा, आणि बऱ्याचदा मुळातच थोडं आंबट. घाटावरच्या बोअरचं पाणी जड, त्यात क्षारता इतकी असते की ॲसिड पडलं तरी ते पचवतं. तुमच्या डब्यावर ट्रायक्लोर किंवा टीसीसीए ९० लिहिलेलं असेल, त्याचा पीएच ३ च्या आसपास, तसल्या जड पाण्यात ती गोळी गुण्यागोविंदाने नांदते आणि आपल्या पाण्यात महिन्याभरात पीएच पाचावर आणून ठेवते. मग पाणी आपली चुन्याची भूक टाइल्सच्या सांध्यातून भागवतं. माणसालाही ते लागतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका पूलचा पीएच २.७ इतका उतरला होता आणि स्पर्धेसाठी रोज पोहणाऱ्या मुलांच्या दातांचं एनॅमल झिजलेलं सापडलं, १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालंय.

शिवाय गोळीबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, त्याच्याशिवाय भर उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडून जातं, म्हणून ३० ते ५० पीपीएम हवंच, पण ते संपत नाही, साठतच जातं. तुमचा पूल साधारण ४० हजार लिटरचा धरतो, २०० ग्रॅमची एक गोळी म्हणजे जवळपास ३ पीपीएम, महिन्याला १५ गोळ्या धरल्या तरी ४० पीपीएम. दोन-तीन महिन्यांत क्लोरीन असूनही जंतू मरेनासे होतात. पाणी काढून नवीन भरणं एवढाच त्याला उपाय.

आता क्रम सांगतो, उलटसुलट करू नका. आधी क्षारता मोजा, ८० ते १२० पीपीएम पाहिजे, तुमची वीस-तीसच निघेल. खायचा सोडा, हजार लिटरला १७ ग्रॅम टाकला की १० पीपीएम वाढते, म्हणजे तुम्हाला ६० वाढवायला साधारण चार किलो लागेल, दोन हप्त्यांत टाका. मग कॅल्शियम क्लोराइडने पाण्याचा जडपणा २०० पीपीएमपर्यंत आणा, सिमेंट वाचेल. पीएच ७.२ च्या वर आला की तुरटी विरघळवून टाका, पंप बंद, रात्रभर हलवू नका. तुरटी क्षारता खाते, म्हणून सोडा आधी. सकाळी लोखंडाचा गाळ तळाला गालिच्यासारखा बसलेला दिसेल, तो व्हॅक्यूमने हळूहळू सरळ बाहेर काढा, फिल्टरमधून नको. गोळ्या सध्या बंद करून लिक्विड क्लोरीन किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, वापरा. पावसाळाभर पावसाचं पाणी पडणार, त्यात क्षारता शून्य, तेव्हा आठवड्याला सोडा बघावाच लागेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गोळ्यांचा डबा आणि हायपोचा डबा जवळ ठेवू नका आणि एकाचा मग दुसऱ्यात घालू नका. एका ठिकाणी मी समोर उभा होतो, तिथल्या पोराने गोळ्यांचा चुरा लागलेला ओलसर मग हायपोच्या बादलीत घातला, आधी सुर्र असा आवाज आला, मग पिवळट धूर, आणि बादलीचं प्लास्टिक आमच्या डोळ्यांदेखत वाकडं झालं. आम्ही दार उघडं टाकून वारा ज्या बाजूने येत होता तिकडे पळालो म्हणून वाचलो, त्या पोराला दोन दिवस धाप लागत होती. ॲसिड आणि लिक्विड क्लोरीनचंही तसंच, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू. दोन वेगळे मग, दोन रंगांचे, आणि पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी कधीच नाही.

समुद्रात तासभर डुंबलो तरी नजर साफ असते, पण पूलमधून आल्यावर रात्री दिव्याभोवती वलय दिसतं. क्लोरीन एवढं वाईट का? सॉल्ट वॉटर पूल बरा का?
— मालवणहून

क्लोरीनचा दोष त्यात अर्धाच आहे. अश्रूंत साधारण ०.९ टक्के मीठ असतं, पूलचं पाणी त्यापेक्षा खूप फिकं, मग ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरतं, पडदा किंचित फुगतो आणि दिव्याला वलय येतं. थोड्या तासांत उतरतं. समुद्रात मीठ साडेतीन टक्के, तो डोळ्याला झोंबतो पण पडदा फुगवत नाही. सॉल्ट वॉटर पूलमध्ये मीठ साधारण ०.३ टक्के आणि त्या मिठापासून मशीन क्लोरीनच बनवतं, त्यामुळे बिनक्लोरीनचा पूल म्हणून कोणी विकत असेल तर ते खोटं आहे. फरक एवढाच की क्लोरीन सारखं सारखं थोडं थोडं पडतं. पीएच मात्र त्यात वर चढत राहतो, तो बघावा लागतो. आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून पूलमध्येही नको, समुद्रातही नको.

मुलीला जुलाब झाले होते, आता दोन दिवस बरी आहे. क्लोरीन असतंच, मग पाठवू ना?
— चिपळूण

क्लोरीनच्या भरवशावर नको. बरेचसे जीवाणू १ पीपीएम क्लोरीनमध्ये मिनिटाच्या आत मरतात पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याच क्लोरीनमध्ये सात दिवसांहून जास्त जगतो आणि गिळलेल्या थोड्याशा पाण्यातूनही लागतो. साध्या जुलाबात पूर्ण थांबेपर्यंत नाहीच, आणि क्रिप्टोचं निदान झालं असेल तर थांबल्यावर पुढे दोन आठवडे.

आमच्या बावीत (विहिरीत) पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. टीसीएल टाकलं तर पूलसारखं पाणी होईल का?
— देवगड

नाही होणार. पूलमध्ये पाणी फिल्टरमधून फिरत असतं, बावीत झरा सतत नवीन पाणी आणतो आणि पानं, माती, शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात, सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत उरेलच असं नाही. पोरं पोहायला शिकावीत, बावीतच शिकतात हे मला आवडतंही, पण ती पिण्याची बाव नसावी. पिण्याच्या बावीत टीसीएल पडतं ते पिण्यासाठी, टाकल्यावर निदान तासभर उपसा नको आणि पोरं तर अजिबात आत नकोत. पावडर एका बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळीच सोडायची, दोर बांधून बादली खोलवर हलवायची, आणि नंतर ओटी टेस्टला फिकट पिवळा आला की झालं.