मानेचा मणका फ्रॅक्चर होऊन वडिलांना प्लेट बसवली आहे. स्कूटर कधी चालवू शकतील?

निदान 3 महिने तरी नाही, आणि त्यानंतरही एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं आणि सर्जन हो म्हणाले तरच. प्लेट-स्क्रू मणके नुसते धरून ठेवतात. खरी मजबुती मधलं हाड जुळल्यावर येते. मी नाशिकरोडला फिजिओथेरपी करते. मानेचा पट्टा (कॉलर) निघाला की पेशंट बरे झालो समजतात आणि इथल्या द्वारका चौकातल्या खड्ड्यांतून स्कूटर काढतात! वर हेल्मेटचं वजनही मानेवरच येतं. तंबाखू-सिगारेट बंदच, त्याने हाड जुळणं लांबतं. हाताची पकड सैल वाटली, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. मज्जारज्जूलाही मार लागला असेल तर मात्र हा हिशोब लागू नाही.