वाचकांचे प्रश्न : म्यूऑन धन की ऋण?

प्रश्न : तमिळनाडूतील प्रस्तावित न्यूट्रिनो वेधशाळेविषयी वाचताना असे आढळले की, म्यूऑनचा विद्युत प्रभार त्याच्या मार्गाच्या वळणावरून ओळखतात. जाड लोखंडातले हे वळण दिसते कसे? आणि चुंबक नसेल तर प्रभार ओळखताच येत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण बराच जड कण; न्यूट्रिनो हा प्रभार नसलेला, अतिशय हलका कण. म्यूऑन-न्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा एक प्रकार) अणूच्या केंद्रकावर आदळून म्यूऑन निर्माण झाला, तर तो ऋण असतो, प्रतिन्यूट्रिनोपासून, म्हणजे त्याच्या प्रतिकणापासून, झालेला धन असतो. न्यूट्रिनो स्वतः कोणतीही खूण ठेवत नसल्याने आलेला कण कोणता होता, हे म्यूऑनच्या प्रभारावरूनच ठरवावे लागते.

या वेधशाळेच्या आराखड्यात ५.६ सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे १५१ थर असून पत्र्यांमध्ये सुमारे १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबकीय क्षेत्र राखायचे आहे. अशा क्षेत्रात धन आणि ऋण कण विरुद्ध बाजूंना वळतात. लोखंडाच्या आतले आपल्याला काहीच दिसत नाही. दोन पत्र्यांमधल्या फटीत बसवलेले संवेदक म्यूऑन कोठून गेला एवढेच नोंदवतात आणि त्या ठिपक्यांतून वक्ररेषा जुळवावी लागते. १ जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या म्यूऑनच्या वळणाची त्रिज्या येथे साधारण २.२ मीटर भरते, म्हणजे वळण स्पष्ट दिसते. २० जीईव्हीला मात्र मीटरभर मार्गात बाक जेमतेम तीन मिलिमीटरचा राहतो, म्हणून तेथे लांब मार्गच हाती असावा लागतो. शिवाय लोखंडाच्या अणूंशी होणाऱ्या असंख्य धक्क्यांमुळे मार्ग मुळातच थोडा वाकडातिकडा होत असतो.

प्रश्नात न आलेली एक अडचण मला याहून महत्त्वाची वाटते. यवतेश्वर घाटातले जे वळण कासकडे चढताना डावीकडे वळते, तेच साताऱ्याकडे उतरताना उजवीकडे वळते. त्याचप्रमाणे खालून वर गेलेल्या ऋण म्यूऑनची आणि वरून खाली आलेल्या धन म्यूऑनची रेषा कागदावर एकसारखीच उमटते. म्हणून कोणता ठिपका आधी पडला, हे कळल्याशिवाय वळणाला अर्थ नाही. म्यूऑन एक मीटर अंतर सुमारे ३.३ नॅनोसेकंदांत तोडतो, त्यामुळे संवेदकांची वेळ नॅनोसेकंदाइतकी अचूक असणे अपरिहार्य ठरते. अमेरिकेतील मिनॉस या न्यूट्रिनो प्रयोगाने चुंबकित पोलादाची हीच पद्धत २००३ पासून प्रत्यक्षात वापरली.

चुंबक नसेल तर म्यूऑन थांबल्यावर त्याचे काय होते, ते पाहतात. धन म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी क्षय पावून पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) देतो. ऋण म्यूऑन मात्र अणूभोवती अडकतो आणि काही वेळा क्षयापूर्वीच केंद्रक त्याला गिळते. पाण्यातील ऑक्सिजनमध्ये हे जेमतेम पाचापैकी एकाच्या बाबतीत घडते, त्यामुळे तेथे एकेका म्यूऑनचा निवाडा करता येत नाही, फक्त मोठ्या संख्येतले प्रमाण काढता येते. आर्गॉनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश ऋण म्यूऑन असे गिळले जातात. म्हणून द्रवरूप आर्गॉनच्या शोधकात म्यूऑन थांबूनही मागाहून इलेक्ट्रॉन वा पॉझिट्रॉन निघाला नाही, तर तो ऋण होता असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. निघाला, तर मात्र शंका उरतेच.