बाप्तिस्म्याला चार वर्षं झाली, तरी राग आवरत नाही. माझी आत्मिक वाढ खुंटली का?

उत्तर : नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात इंद्रियदमन, म्हणजे संयम, हे आत्म्याच्या फळात (पवित्र आत्मा माणसात वाढवतो त्या गुणांत) येतं, आणि तेही यादीत अगदी शेवटी. फळ धरायला वेळ लागतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर इंद्रियदमनात धीराची भर घालायला सांगितलंय, म्हणजे हे काम लांबपल्ल्याचंच.

नीतिसूत्रे २५:२८ मध्ये मन न आवरणाऱ्या माणसाला तट पडलेल्या नगराची उपमा आहे. आम्हा ठाणेकरांना किल्ल्याचा तट म्हटलं की कारागृह आठवतं, कारण इथल्या किल्ल्यातच तुरुंग आहे. पण नीतिसूत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाच्या काळी तट नगराच्या रक्षणासाठी असे. संयमाकडे मीही बरीच वर्षं कोंडवाडा म्हणूनच पाहिलं. ते चुकलं.

माझा तट सकाळी ८च्या लोकलमध्ये पडायचा. धक्का लागला की तोंड सुटायचं. आता फलाटावरच एक स्तोत्र म्हणतो. तरी चूक झालीच तर त्याच माणसाची तिथल्या तिथे माफी मागतो. हे फार जड जातं, पण मला सगळ्यात जास्त याच सवयीने बदललं.

तुमचा राग नेमका कुठे सुटतो, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्यांना दाखवा. एकट्याने झुंजू नका.