एकांतरा, तिजारी आणि चौथिया

इंदूरच्या रामबागेतून विचारणा आली आहे: "आमची आजी हिवतापाला 'एकांतरा' म्हणायची, शेजारच्या मालवी काकू 'तिजारी' म्हणतात. एक दिवसाआडचा आणि तिसऱ्या दिवसाचा, म्हणजे हे दोन वेगळे ताप ना?"

नाही, ताप एकच. मोजायची रीत वेगळी. सोमवारी ताप भरला, मंगळवार बरा गेला, बुधवारी पुन्हा हुडहुडी. 'एकांतरा' मधला मोकळा दिवस सांगतो. 'तिजारी' सोमवारही मोजणीत धरते, म्हणून बुधवार तिसरा. आयुर्वेदातला 'तृतीयक' याच हिशेबाचा. सोमवारचा ताप थेट गुरुवारी आला तर 'चौथिया', संस्कृतात 'चतुर्थक'. मध्ये दोन दिवस मोकळे.

हे अंतर ठरतं रक्तात. अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी चावताना सोडते ते परजीवी आधी यकृतात वाढतात, मग तांबड्या पेशींत शिरतात. तिथे एकाचे अनेक झाले की पेशी फुटते. अशा असंख्य पेशी एकाच सुमारास फुटल्या की रोगी दोन गोधड्यांखालीही थडथड कापतो, मग ताप चढतो आणि शेवटी दरदरून घाम सुटतो. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीच्या या फेरीला सुमारे 48 तास लागतात, प्लास्मोडियम मलेरिईच्या फेरीला 72. हिवतापाचा परजीवी फ्रेंच डॉक्टर लाव्हराँने 1880 मध्ये अल्जीरियात पाहिला. पेशी फुटण्याची आणि ताप चढण्याची सांगड त्यानंतर काही वर्षांत इटलीचे शास्त्रज्ञ गॉल्जी यांनी घातली. आपल्या वैद्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी नुसत्या निरीक्षणावर ही अंतरं ओळखून त्यांना नावं दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. रोज येणारा 'अन्येद्युष्क'सुद्धा कधीकधी व्हायव्हॅक्सचाच असतो: परजीवींच्या दोन टोळ्या एकेका दिवसाच्या फरकाने वाढत असल्या, की पाळी रोजची होते.

प्लास्मोडियम फाल्सिपेरम ही परजीवीची जात मात्र सगळ्यांत घातक, आणि तिचा ताप पाळी धरेलच असं नाही. 'एकांतरा आहे का ते बघू' म्हणत थांबू नये. रक्त लगेच तपासून घ्यावं.

इंदुरात आणखी एक शब्द जपून वापरावा लागतो. हिंदीत 'विषम ज्वर' बहुधा मलेरियासाठी येतो, तर मराठीत 'विषमज्वर' म्हणजे टायफॉइड, जो जिवाणूंमुळे, दूषित पाण्या-अन्नातून होतो. हिंदी पत्रकातला 'विषम ज्वर' घरच्यांना सांगताना सरळ 'हिवताप' म्हणा.