वर्गात तंत्रज्ञान कल्पकतेने वापरणाऱ्या शिक्षकांचे जाळे कसे उभारावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील तुमच्या शाळेत तुम्ही मोबाइल आणि प्रोजेक्टर वापरून काही वेगळे करून पाहता, आसपासच्या शाळांतही असे धडपडणारे काही जण आहेत, त्यांना जोडण्यासाठी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप गट काढला, पण तो थोड्याच दिवसांत वाढदिवसाच्या शुभेच्छांनी आणि परिपत्रकांनी भरून गेला, तर मग जाळे उभारायचे कसे? मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि काही वर्षांपासून अशाच एका लहान गटात काम करते, त्या आधारे उत्तर देते.

माझे मत आधीच सांगून टाकते. शिक्षकांना धरून ठेवते ते एकत्र आखलेले काम. कोणते अ‍ॅप चांगले आणि कोणता टॅब घ्यावा ही चर्चा दोन बैठकांत आटोपते, कारण ज्यांच्या शाळेत एकच जुना प्रोजेक्टर आहे, त्यांना तिच्यात बोलण्यासारखे काही नसते आणि ज्यांच्याकडे सारे काही आहे, त्यांना ऐकण्यासारखे काही नसते. म्हणून पहिल्या दिवशी ‘तुमच्याकडे कोणती साधने आहेत’ असे विचारण्याऐवजी ‘मुलांना कोणता घटक दरवर्षी जड जातो’ असे विचारावे. उत्तरे भराभर येतात आणि बोलणारेही वाढतात.

आमच्या गटात सर्वांत जास्त टिकलेले काम पावसाचे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा वाहू लागते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ झाले आहेत. पाठ असलेल्या या आकड्यांचा गणिताच्या आणि भूगोलाच्या तासाला मात्र काहीच उपयोग होत नव्हता. तेव्हा असे ठरले की, गगनबावडा आणि राधानगरीकडील शाळांनी रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजायचा, आम्ही प्रशासनाकडून जाहीर होणारी राजाराम बंधाऱ्याची पातळी नोंदवायची, शिरोळ तालुक्यातील शाळेने आपल्या गावच्या नदीची स्थिती पाहायची आणि या साऱ्या नोंदी एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायच्या. साडेआठची वेळ एवढ्यासाठी की, हवामान खात्याचे चोवीस तासांचे पर्जन्यमानही त्याच वेळेला मोजले जाते, त्यामुळे तुलना करता येते. घाटाकडे मुसळधार झाल्यावर कोल्हापुरात पाणी चढायला किती वेळ लागतो, हे मुले आलेखावरून शोधतात. शहरात ऊन पडलेले असताना पातळी का वाढली, असा प्रश्न पडला की भोगावतीवरील राधानगरी धरण भरले की उघडणाऱ्या त्याच्या स्वयंचलित दरवाजांचा विषय आपोआप निघतो. कासारीच्या खोऱ्यातील रकाना आमच्या तक्त्यात अजून रिकामा आहे, तेव्हा तुमची शाळा त्यात आली तर आम्हाला ती हवीच आहे.

यात तंत्रज्ञान म्हणजे काय, तर एक तक्ता, शिक्षकांचे स्वतःचे मोबाइल आणि अधूनमधून दोन वर्गांमध्ये होणारा व्हिडिओ कॉल. त्यातला कल्पकतेचा भाग कुठे आहे, हे एका लहान उदाहरणावरून सांगते. पर्जन्यमापक आम्ही सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा केला होता: वरचा निमुळता भाग कापून तो उलटा बसवायचा, तळाच्या फुगवट्यात बारीक खडी भरायची, शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ओतायचे आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. एका शाळेत मुलांनी बाटलीशेजारी तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा ठेवला आणि वाद सुरू झाला की, डब्याचे तोंड मोठे, तेव्हा त्यात पाऊसही जास्तच भरणार. एकीने हट्टाने सांगितले की, पाणी जास्त साठेल पण उंची तेवढीच राहील, आणि तिचे कोणीही ऐकेना. त्यांच्या बाईंनी हा वाद मोबाइलवर टिपला आणि डब्यात पट्टी घालण्याच्या क्षणी चित्रण थांबवले. तेवढाच तुकडा त्यांनी आम्हाला पाठवला, उत्तराविना. मी माझ्या वर्गात तो लावला, तिथेच थांबवला आणि मुलांना पैज लावू दिली. दुसऱ्या शाळेतील मुले आपल्यासारखीच भांडत आहेत हे पाहून वर्ग असा काही पेटला की, क्षेत्रफळ आणि घनफळ यांतील फरक समजावण्यासाठी मला फळ्याकडे वळावेही लागले नाही. मुलांनी स्वतः डबा आणून पडताळा घेतला आणि उंची मिलिमीटरमध्ये सारखीच भरली.

तेव्हापासून आमच्यात जे पाठवले जाते ते बहुधा या धर्तीचे असते: मुलांचा अडलेला प्रश्न, त्यांचा वाद किंवा त्यांचे चुकलेले उत्तर. झगमगीत संगणकीय सादरीकरणे आम्ही एकमेकांना फारशी पाठवत नाही, कारण दुसऱ्याचे तयार सादरीकरण आपल्या वर्गात लावले की शिक्षक पोस्टमन होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि २०१७ साली सुरू झालेला दीक्षा हा सरकारी ऑनलाइन शैक्षणिक मंच यांमुळे तयार साहित्य मिळण्याची अडचण बरीच कमी झाली आहे. त्याच साहित्याच्या आणखी प्रती फिरवण्यासाठी वेगळ्या जाळ्याची गरज नाही. पीएचईटी या संकेतस्थळावरील विज्ञानाची अनुरूपणे, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, तर मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. रेंज शोधत फिरावे लागणाऱ्या शाळांना पहिल्या भेटीतच ती पेन ड्राइव्हवर द्या. जो हातात काहीतरी घेऊन घरी जातो, तो पुढच्या वेळी येतो.

जपानमध्ये शिक्षक मिळून एखादा पाठ आखतात, त्यांतील एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते. ही रीत तिथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. आपल्या द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक निघाला की अर्धी शाळा उघडी पडते, तेव्हा ती जशीच्या तशी इथे आणणे शक्य नाही. आम्ही त्याऐवजी मोबाइल वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवतो आणि त्याचे तोंड मुलांकडे करतो. शिक्षकाचे चित्रण केले की शिक्षक ताठरतो, आवाज बदलतो आणि बघणारेही त्याच्या उच्चारांवर बोलत बसतात. मुलांचे चेहरे समोर असले की चर्चा शिकण्यावर राहते. मात्र अशा चित्रणासाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि ते गटाबाहेर जाऊ देऊ नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहेच, पण कायदा नसता तरी आपल्या विद्यार्थ्याचे चुकलेले उत्तर गावभर फिरू न देणे हे आपले कामच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. तो फक्त निरोपांसाठी ठेवा. पाठाची नोंद दुसरीकडे, सामाईक ड्राइव्हवर असावी आणि फाइलचे नाव इयत्ता, विषय, घटक आणि गाव या क्रमाने द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणालाही ती सापडते. नोंद एका पानाची पुरे: अडचण काय होती, काय केले, मुले काय म्हणाली, काय जमले नाही. ‘जमले नाही’ हा रकाना सक्तीचा ठेवा. तो नसेल तर सगळ्या नोंदी अहवालाच्या भाषेत येतात आणि ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ या वाक्यापलीकडे त्यांत काही उरत नाही. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे, त्यांच्याकडून आवाजी संदेश घ्या आणि कोणीतरी तो उतरवून काढा.

आता वरिष्ठांचा प्रश्न. शाळांनी एकमेकींना धरून राहावे ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते, त्याच आयोगाने माध्यमिक शाळेभोवती जवळच्या प्राथमिक शाळा गुंफून शाळासमूह करण्याची शिफारस केली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली आहे. तुमच्या केंद्राची, म्हणजे जवळच्या शाळांच्या प्रशासकीय गटाची, शिक्षण परिषद होतेच. केंद्रप्रमुखांना भेटा आणि परिषदेत वीस मिनिटे मागा. त्या वेळेत तुमच्या गटातील एकाने एकच पाठ दाखवावा. याहून जास्त मागू नका, आणि गटाचे परिपत्रक तर मुळीच काढू देऊ नका. काम जोवर ऐच्छिक आहे तोवर लोक त्यात मन घालतात. ते आदेशाने आले की ‘उपक्रमाचे फोटो आज चारपर्यंत पाठवा’ असे निरोप सुरू होतात आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरून आधीच थकलेल्या शिक्षकाच्या यादीत आणखी एक काम वाढते. डाएटमधील (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील) एखाद्या अधिव्याख्यात्याला मात्र वर्षातून एकदा आवर्जून बोलवा, कारण आपल्याच वर्तुळात फिरणाऱ्या चर्चेला बाहेरचे कान लागतात.

माणसे किती, असेही तुम्ही विचारले आहे. सहा-सात पुरेत, पण त्यांत निदान दोघे-तिघे असे असावेत, ज्यांना मोबाइलवर फोनपलीकडे काही करायला आवडत नाही; ‘याने मुलांना काय जास्त कळले?’ हा प्रश्न तेच विचारतात. भेटीसाठी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ बरी पडते, आणि शाहूवाडीसारख्या भागात जागा एसटीच्या वाटेवरची निवडा, नाहीतर दुचाकी नसलेल्या शिक्षिका हळूहळू गळतात.

जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या अटळ असतात आणि बहुतेक गट मोडतात ते त्यामुळेच. एकच उत्साही शिक्षक सगळे चालवतो, त्याची बदली होते आणि ड्राइव्हचा पासवर्डही त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. म्हणून सुरुवातीपासून दोन संयोजक ठेवा, ते वेगवेगळ्या केंद्रांतले असू द्या, दर सत्राला त्यांतला एक बदला आणि खाते कोणाच्या खासगी ई-मेलवर न काढता गटासाठी स्वतंत्र काढा. बदली होऊन गेलेल्याला गटातून काढू नका. तो नव्या तालुक्यात गेला तर तिथला पहिला दुवा तोच असतो. आमच्याकडे राधानगरीच्या नोंदी अशाच सुरू झाल्या.